पंचवीस हजारांचे शिंगरू

माझी कन्या कॅनडा देशातील ओशावा या गावी राहते. टोरोंटो शहराच्या पूर्वेस, ओंटारिओ सरोवराच्या काठी हे गाव वसले आहे. सेवानिवृत्तीनंतर एका वर्षी आम्ही उभयता काही महिने तिच्याकडे जाऊन राहिलो. परक्या मुलखात वृद्ध माणसाला करण्याजोगे काम थोडेच. नातीला शाळेत पोहोचविणे व परत आणणे, एवढे एक माझ्या वाट्यास आले, आणि ते मी मोठ्या निष्ठेने करीत असे. ज्याने छत्तीस वर्षे शाळेत काढली, त्याला शाळेच्या फाटकापाशी नुसते उभे राहण्यातही जे सुख वाटते, ते इतरांस सांगून कळावयाचे नाही.

शाळेचे नाव होते 'नॉर्दर्न डान्सर पब्लिक स्कूल'. पहिल्या दिवशी ती पाटी वाचून मी विचारात पडलो. शाळांना नावे कोणाची असतात, याविषयी माझे काही आडाखे आहेत. ती देशभक्तांची असतात, संतांची असतात, नाहीतर इमारतीस देणगी देणाऱ्यांच्या वडिलांची असतात. 'उत्तरेचा नर्तक' अशा अर्थाचे हे नाव यांपैकी कोणत्याच वर्गात बसेना. मी नातीला विचारले, "हा कोण गं एवढा मोठा माणूस?"

"माणूस नाही काही, आजोबा! घोडा आहे तो," ती म्हणाली आणि हसत आत पळाली.

घोड्याच्या नावाची शाळा! घरी येऊन कन्येला विचारले, तेव्हा उलगडा झाला. ती राहते त्या भागात पूर्वी 'विंडफिल्ड्स' नावाचा घोड्यांच्या पैदाशीचा विस्तीर्ण मळा होता. २००९ साली तो बंद झाला. त्याच्या काही भूमीवर आज विद्यापीठ उभे आहे, काही भूमीवर घरे झाली आहेत. हा घोडा त्याच मळ्यात जन्मला, आणि त्याचे दफनही त्याच मळ्यात झाले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. शर्यतीचा घोडा म्हटला की माझ्यासारख्या मास्तराच्या कपाळाला आठी पडते. शर्यतीच्या नादापायी चांगली नांदती घरे धुळीस मिळालेली मी पाहिली आहेत, आणि त्याविषयीचे माझे मत आजही बदललेले नाही. परंतु पैसे लावतात ती माणसे. घोडा बिचारा काहीच लावीत नाही. असा विचार करून मी गावच्या ग्रंथालयातून या घोड्याविषयीची पुस्तके आणली आणि वाचू लागलो. वाचता वाचता मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. ती गोष्ट पुढे येईलच.

नॉर्दर्न डान्सरच्या आईचे नाव नॅटाल्मा. 'नेटिव्ह डान्सर' या विख्यात अमेरिकन घोड्याची ही कन्या. विंडफिल्ड्सचे धनी ई. पी. टेलर यांनी तिला शर्यतीसाठी विकत घेतले होते. १९६० सालच्या वसंतात तिला एका मोठ्या शर्यतीसाठी तयार करीत असता तिच्या गुडघ्याच्या हाडाचा कपचा उडाला, आणि तिचे धावणे संपले. तोवर पैदाशीचा हंगाम सरत आला होता. तरीही टेलर यांनी तिला घरी आणविले आणि मळ्यातील नीआर्क्टिक या घोड्याशी तिचा संयोग घडवून आणला. नीआर्क्टिकचेही पैदाशीचे ते पहिलेच वर्ष होते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. २७ मे १९६१ रोजी नॅटाल्मा व्याली. एका घोडीचा गुडघा दुखावला म्हणून, आणि तोही अवेळी दुखावला म्हणून, हे शिंगरू जगात आले.

मे अखेरीचा जन्म हे त्या शिंगराचे पहिले दुर्दैव. उत्तर गोलार्धात थरोब्रेड जातीच्या सर्व घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेले शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू, दोघेही कागदोपत्री एकाच वयाची. आमच्याकडे नाही का, कित्येक पिढ्यांच्या मुलांचा जन्म गुरुजींनी १ जूनला लावून टाकला? हजेरीपटावर सारी एका दिवसाची. पण रांगेत उभी केली म्हणजे एकाचे डोके दुसऱ्याच्या खांद्याशी येते. घोड्यांच्या हजेरीपटावरही तोच प्रकार. या शिंगराला आपल्याहून चार-पाच महिने थोर असलेल्या सवंगड्यांशी बरोबरी करावयाची होती, आणि त्यातून त्याचा बांधाही मुळातच ठेंगणा.

रंगाने ते कुमाईत होते. कपाळापासून नाकपुडीकडे उतरत गेलेला, किंचित तिरपा पांढरा पट्टा आणि तीन पाय पांढरे. चौथाही पांढरा असता, तर आपल्याकडील अश्वपरीक्षकांनी त्याला 'पंचकल्याणी' म्हणून ओवाळून घेतले असते. एका पायाने कल्याण हुकले म्हणायचे!

टेलर यांची विक्रीची रीत वेगळी होती. आपल्या मळ्यातील वर्षाच्या आतबाहेरची सर्व शिंगरे ते एकाच दिवशी विक्रीस मांडीत आणि प्रत्येकाची किंमत आधीच ठरवून ठेवीत. ज्याला जे आवडेल ते त्याने ठरल्या किमतीस न्यावे. जी उरतील ती टेलर आपल्याच तबेल्यात ठेवीत. १९६२ च्या शरद ऋतूत या शिंगराची किंमत पंचवीस हजार डॉलर ठेवली होती. जाणते लोक आले. त्यांनी त्याच्याभोवती फेरी मारली, उंची डोळ्यांनी मोजली, आणि पुढच्या शिंगराकडे वळले. ते कोणी घेतले नाही.

येथवर वाचून मी पुस्तक मिटले. कारण ती भोवती फिरणारी, डोळ्यांनी उंची मोजणारी माणसे मला ओळखीची वाटली. त्यांच्यात मीही होतो.

मी नोकरीस लागून चार-पाच वर्षे झाली असतील. आमच्या शाळेतून तालुक्याच्या क्रीडास्पर्धांसाठी चौघांच्या धावण्याच्या चमूची निवड करावयाची होती, आणि ते काम माझ्याकडे आले होते. सातवीच्या वर्गातला एक मुलगा नाव द्यायला आला. अंगाने काटकुळा, वर्गाच्या रांगेत सर्वांच्या पुढे उभा राहणारा. अनवाणी पायांवर धुळीचा थर. मी त्याला पळायलाही सांगितले नाही. वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले आणि म्हणालो, "अजून लहान आहेस तू. पुढच्या वर्षी बघू." त्याने मान डोलावली, "बरं, गुर्जी," म्हटले आणि तो निघून गेला. जाताना मात्र मैदानाच्या कडेने तो असा काही पळाला, की निवडलेल्या चौघांपैकी एकाने त्याच्याकडे वळून पाहिले. मीही पाहिले. परंतु यादी लिहून झाली होती, आणि लिहिलेली यादी खोडणे माझ्या त्या वेळच्या स्वभावात नव्हते.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले, आणि त्यांच्याबरोबर तोही गेला. पुढच्या वर्षाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक पुन्हा उघडले. न खपलेले शिंगरू टेलर यांच्या तबेल्यातच राहिले आणि त्याचे शिक्षण सुरू झाले. होरेशिओ लुरो हे मूळचे अर्जेंटिनातले गृहस्थ त्याचे प्रशिक्षक. घोडा तापट होता; पाठीवरचा स्वार उडवून देण्यात त्याला आनंद वाटे, आणि चाबूक तर त्याला मुळीच खपत नसे. २ ऑगस्ट १९६३ रोजी फोर्ट एरी येथे तो प्रथम शर्यतीत उतरला. रॉन टर्कॉट नावाचा तरुण जॉकी त्याच्यावर होता. त्या दिवशी तो जवळजवळ सात घोड्यांच्या लांबीइतके अंतर राखून पहिला आला. वर्ष संपण्याच्या सुमारास त्याच्या खुराला चीर गेली. खुराची चीर म्हणजे धावत्या घोड्याचा अंतकाळच म्हणावयाचा. कारण खूर वाढून ती भरून येण्यास महिनेच्या महिने जातात. तेव्हा कॅलिफोर्नियातून एका कुशल नालबंदास बोलाविले. त्याने चिरेवर रबराचे ठिगळ उष्णतेने बसवून दिले, आणि घोडा पुन्हा धावू लागला. मोठमोठ्या घोड्यांच्या चरित्रांत अशा नालबंदांना एखादी ओळ मिळते; माझ्या मते त्यांना एखादे पान मिळावयास हवे.

२ मे १९६४ हा केंटकी डर्बीचा दिवस. अमेरिकेत या शर्यतीइतका मान दुसऱ्या कोणत्याही शर्यतीला नाही. अंतर सव्वा मैल. नॉर्दर्न डान्सरच्या तोडीचा प्रतिस्पर्धी होता हिल राइज. कॅलिफोर्नियाहून आलेला, थोराड बांध्याचा, ओळीने शर्यती जिंकीत आलेला घोडा. अमेरिकेतील अग्रगण्य जॉकी बिल शूमेकर याने त्यापूर्वी फ्लॉरिडात नॉर्दर्न डान्सरवर बसून दोन मोठ्या शर्यती जिंकल्या होत्या. या वेळी दोहोंतून एक निवडण्याची पाळी आली, तेव्हा त्याने हिल राइज निवडला. पुन्हा तीच उंचीची मोजणी! मग नॉर्दर्न डान्सरवर बिल हार्टॅक बसला.

शेवटच्या वळणानंतर ठेंगणा घोडा पुढे होता आणि थोराड घोडा लांब ढांगा टाकीत त्याला गाठीत होता. एकाची एक ढांग पडे, तोवर दुसऱ्याची दीड. प्रत्येक पावलागणिक अंतर तुटत होते. हिल राइजचे डोके नॉर्दर्न डान्सरच्या मानेपाशी आले, आणि तिथेच राहिले. मानेभराच्या अंतराने नॉर्दर्न डान्सर जिंकला. वेळ लागला बरोबर दोन मिनिटे. त्यापूर्वी कोणत्याही घोड्याने ही शर्यत इतक्या थोड्या वेळात पार केली नव्हती, आणि कॅनडात जन्मलेला कोणताही घोडा ती जिंकला नव्हता. तो विक्रम नऊ वर्षे टिकला. १९७३ साली सेक्रेटेरिएट या घोड्याने तो मोडला, आणि त्या दिवशी सेक्रेटेरिएटवर बसलेला जॉकी होता रॉन टर्कॉट. ज्याने नॉर्दर्न डान्सरला पहिली शर्यत जिंकून दिली होती तोच.

दोन आठवड्यांनी प्रीकनेस ही शर्यतही त्याने जिंकली. बेलमाँट ही तिसरी जिंकता, तर त्याला त्रिमुकुटाचा मान लाभता. परंतु दीड मैलाचे ते अंतर त्याला जड गेले आणि तो तिसरा आला. मायदेशी मात्र त्याचे स्वागत राजासारखे झाले. टोरोंटोच्या महापौरांनी त्याला शहराची किल्ली अर्पण केली; ती गाजराची कोरलेली होती! मानपत्रे पुष्कळांना मिळतात, पण ती खाता येत नाहीत. २० जून रोजी टोरोंटोत क्वीन्स प्लेट ही शर्यत तो सात लांब्यांहून अधिक अंतराने जिंकला, आणि ती त्याची शेवटची शर्यत ठरली. पुढच्या पायाची शीर दुखावली ती पूर्ववत झाली नाही. अठरा शर्यती, चौदा विजय. दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. त्याखाली कधी नाही. १९६५ साली कॅनडाच्या क्रीडावीरांच्या मानमंदिरात त्याचे नाव घेतले गेले. त्या मानमंदिरातला तो पहिला मनुष्येतर प्राणी.

शर्यती संपल्या तेव्हा तो अवघा तीन वर्षांचा होता. त्याची खरी थोरवी त्यानंतर प्रकट झाली, आणि ती त्याच्या मुलांच्या रूपाने.

पहिल्या काही वर्षांतच विन्सेंट ओब्रायन हे आयर्लंडचे नामांकित प्रशिक्षक दुसऱ्याच एका घोड्याचे शिंगरू पाहण्यासाठी विंडफिल्ड्सला आले. ते त्यांना पसंत पडले नाही. पण नॉर्दर्न डान्सरचे एक उंच, देखणे शिंगरू त्यांच्या नजरेत भरले. चौऱ्याऐंशी हजार डॉलर देऊन ते विकत घेतले गेले. त्याचे नाव निजिन्स्की. १९७० साली त्याने इंग्लंडचा त्रिमुकुट जिंकला. १९३५ नंतर तो मान कोणास मिळाला नव्हता, आणि निजिन्स्कीनंतर आजवर कोणास मिळालेला नाही. पुढे १९७७ साली द मिन्स्ट्रेल या दुसऱ्या पुत्राने इंग्लंडची डर्बी जिंकली. १९८४ च्या डर्बीत तर मौजच झाली. शेवटच्या क्षणी दोन घोडे खांद्याला खांदा लावून धावत होते, सेक्रेटो आणि एल ग्रान सेन्योर. दोघेही नॉर्दर्न डान्सरचे पुत्र. एल ग्रान सेन्योरचे प्रशिक्षक विन्सेंट ओब्रायन, आणि सेक्रेटोचे प्रशिक्षक त्यांचेच चिरंजीव डेव्हिड. अगदी निसटत्या फरकाने सेक्रेटो जिंकला. त्या संध्याकाळी ओब्रायनांच्या घरी जेवणाच्या पंक्तीत काय बोलणे झाले असेल, ते ऐकावयास मला आवडले असते.

१९६८ च्या अखेरीस नॉर्दर्न डान्सरला अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात नेले. प्रारंभी त्याच्याकडे एक घोडी पाठविण्याचे शुल्क दहा हजार डॉलर होते. १९८० नंतरच्या दशकात ते दहा लाखांपर्यंत गेले, आणि घोडी गाभण राहील की नाही याची हमी नाही! ज्याला एके काळी पंचवीस हजार देण्यास कोणी धजले नाही, त्याच्या नुसत्या संततीच्या आशेसाठी लोक त्याच्या चाळीसपट मोजू लागले.

मग व्हावयाचे तेच झाले. १९८३ साली केंटकीतील कीनलँड येथे त्याच्या एका वर्षाच्या शिंगराचा लिलाव झाला. अरबस्तानातील एक धनाढ्य शेख आणि ओब्रायन यांचे भागीदार यांच्यात चढाओढ लागली. मंडपातील बोलीच्या फलकाला आकड्यांची सातच घरे होती. बोली एक कोटीवर गेली तेव्हा फलकाला तो आकडा दाखविता येईना. अखेर एक कोटी दोन लाख डॉलरांना ते शिंगरू विकले गेले. स्नाफी डान्सर हे त्याचे नाव. तो एकही शर्यत धावला नाही. पुढे पैदाशीसाठी ठेवला, तर सारी मिळून चारच शिंगरे त्याला झाली. म्हणजे बापाकडे पाहताना ज्या डोळ्यांना फक्त उंची दिसली, त्यांनाच मुलाकडे पाहताना फक्त बाप दिसला. घोडा दोन्ही वेळा तेथेच समोर उभा होता.

याउलट डान्झिग नावाचा त्याचा एक मुलगा गुडघ्याच्या दुखण्याने तीनच शर्यती धावू शकला. तो पैदाशीत बापाच्या तोलाचा निघाला. सॅडलर्स वेल्स या पुत्राने तर ब्रिटन-आयर्लंडमध्ये पैदाशीच्या घोड्यांतले अग्रस्थान चौदा वेळा मिळविले. त्याचा मुलगा गॅलिलिओ, आणि गॅलिलिओचा मुलगा फ्रँकेल. २०१० ते २०१२ या काळात चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. फ्रँकेलच्या आईच्या बाजूनेही डान्झिगमार्फत नॉर्दर्न डान्सरचेच रक्त येते. आमच्या भारतातही त्याचा रझीन नावाचा एक पुत्र आला आणि येथील पैदाशीच्या घोड्यांत अग्रगण्य ठरला. त्याची संतती मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावर धावली. आता तर या वंशाचा इतका विस्तार झाला आहे, की थरोब्रेड घोडे एकमेकांच्या फार निकटच्या नात्यातले होत चालले, अशी काळजी जनुकशास्त्रज्ञ व्यक्त करू लागले आहेत. एकेकाळी कोणालाच नको असलेला घोडा आज सर्वांना फार झाला आहे.

१६ नोव्हेंबर १९९० रोजी मेरीलँड येथे नॉर्दर्न डान्सर मरण पावला. वय एकोणतीस. ओकच्या लाकडाची पेटी करून त्याचे शव ओशावाला, त्याच्या जन्मभूमीत आणले गेले.

ही सारी कथा मी शाळेच्या वाटेवर, रोज थोडी थोडी अशी, नातीला सांगितली. हिमवर्षाव सुरू झाला होता. आम्ही दोघे पायाखालचे जपून पाहत चालत असू. शेवटच्या दिवशी त्या अनवाणी मुलाची हकीकतही मी तिला सांगून टाकली. का, ते मला सांगता येणार नाही. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, त्या मुलाचं नाव काय होतं?"

नॅटाल्मा, नीआर्क्टिक, हिल राइज, निजिन्स्की, सेक्रेटो. सारी नावे मी तिला अडखळल्यावाचून सांगितली होती. फाटकापर्यंत मी आठवीत राहिलो. त्याचा वर्ग आठवला, रांगेतली जागा आठवली, पायांवरची धूळ आठवली. तेवढ्यात शाळेची घंटा झाली, आणि ती आत गेली.